हमसचा निकाल पातेल्यात लागतो

तुमच्या तक्रारी तीन आहेत. हमस, म्हणजे छोले आणि तिळाचं ते मऊ वाटण, रवाळ राहतो, खाऊन झाल्यावर जिभेवर कडवटपणा रेंगाळतो, आणि फ्रीजमध्ये ठेवलेला हमस दुसऱ्या दिवशी चमच्याने कापावा लागतो. कृतीही तुम्ही दिली आहे: छोले रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचे, कुकरला 4 शिट्ट्या काढायच्या, गार करायचे, मग 2 मोठे चमचे ताहिनी (तीळ दळून केलेलं पातळ वाटण), कच्चा लसूण, लिंबाचा रस, जिरेपूड आणि पाव कप ऑलिव्ह तेल घालून सगळं एकदम मिक्सरमधून काढायचं. आणि विचारलंय असं, की जास्त ताकदीचा महागडा मिक्सर घेतला तर हे सगळं सुटेल का?

थोडंसं सुटेल. पण पैसे घालवण्याआधी बाकीचं ऐका. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी हमस लावायचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. चांगल्या यंत्रावर वाईट हमस होताना आणि जुन्या खडखडणाऱ्या मिक्सरवर लोण्यासारखा हमस उतरताना, दोन्ही पाहिलं आहे. निकाल पातेल्यात लागतो, मिक्सर तो फक्त जाहीर करतो. आणि पातेल्याइतकीच महत्त्वाची आहे ताहिनी. तुमच्या कृतीत ती नावापुरती आहे.

आधी छोले. शक्यतो लहान दाण्याचे आणि नव्या पिकाचे घ्या. मोठे टपोरे छोले ताटात छान दिसतात, पण हमस विकणारी जुनी दुकानं, मग ती जेरुसलेममधली असोत की याफातली, लहान दाणाच पसंत करतात, कारण तो आतपर्यंत सारखा शिजतो. वयाचा मुद्दा त्याहून मोठा. उष्ण, दमट जागी वर्षभर पडून राहिलेल्या छोल्यांच्या आत असे बदल होतात की ते कितीही शिजवले तरी मधोमध खडा राहतो. पाकिटाच्या तारखेवरून ते कळतंच असं नाही. भिजवल्यावर कळतं: 10-12 तासांनीही काही दाणे सुरकुतलेले, आक्रसलेले दिसले तर ते पाकीट हमससाठी वापरू नका.

250 ग्रॅम कोरडे छोले घ्या, भरपूर पाण्यात भिजत घाला (ते फुगून दुपटीहून मोठे होतात, तेव्हा भांडं मोठं हवं), आणि त्या पाण्यात 1 छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. हवा गरम असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलं तर पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो, आणि तो वास शिजवूनही पुरता जात नाही.

सोड्याबद्दल लोक बिचकतात म्हणून कारण सांगतो. छोल्याच्या पेशी एकमेकांना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. दाणा मऊ होणं म्हणजे हे पेक्टिन सुटणं. पाणी अल्कधर्मी असलं की ते झपाट्याने सुटतं, आम्लधर्मी असलं की सुटायचं नाव घेत नाही. म्हणून छोले शिजताना लिंबू, टोमॅटो, चिंच असलं काहीही आत जाता कामा नये. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी आवळून धरतं. एकाच पाकिटातले छोले एका घरी लोण्यासारखे आणि दुसऱ्या घरी टणक होतात ते बऱ्याचदा यामुळे. सोडा या दोन्ही अडचणींवर उपाय करतो. मिठाबद्दलचा गैरसमजही इथेच काढून टाकू: भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर छोले कडक होत नाहीत. उलट मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल नरम पडते.

सकाळी पाणी फेकून द्या, छोले खळखळून धुवा. आता वेळ असेल तर एक पायरी जरूर करा: निथळलेले छोले रिकाम्या पातेल्यात घ्या, त्यावर अर्धा छोटा चमचा सोडा भुरभुरवा आणि मध्यम आचेवर 3 मिनिटं सतत परता. दाणे एकमेकांवर आणि तळाशी घासतात, सोडा सालीत मुरतो, साल सैल पडते. मग ताजं पाणी ओता, दाण्यांच्या वर 4 बोटं येईल इतकं. उकळी आली की पांढरा फेस येईल, तो काढत राहा. फेसाबरोबर पारदर्शक साली तरंगत वर येतील, त्याही झाऱ्याने उचला.

उघड्या पातेल्यात याला 40 मिनिटंही लागतात आणि दीड तासही, छोल्यांच्या वयावर अवलंबून. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आल्यावर आच मंद करून 20 मिनिटं ठेवा. मात्र कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. सोड्यामुळे फेस भरपूर येतो आणि सुटलेली साल शिट्टीच्या भोकात अडकू शकते. याच कारणासाठी मी आधी उघड्यावर एक उकळी काढून, फेस आणि सैल साली उचलून मगच झाकण लावतो.

शिजले कधी म्हणायचे? इथेच बहुतेकांचा हमस बिघडतो. उसळीला किंवा सॅलडला छोले जिथे थांबवतो तिथे हमसचा निम्मा प्रवास झालेला असतो. एक दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबा. तो फुटला तर अजून शिजू द्या. काहीच जोर न लावता, चिमटीत धरताक्षणी त्याचा लगदा झाला, की थांबा. पातेल्यात निम्मे दाणे आपोआप फुटून पाणी दाटसर दिसायला हवं. तुमच्या 4 शिट्ट्यांचे छोले खायला उत्तम असतील, हमसला ते कच्चेच. त्या रवाळपणाचं मूळ हे. पाती कितीही वेगाने फिरवा, न सुटलेल्या पेशींचे गठ्ठे लहान होतात, नाहीसे होत नाहीत.

सोडा मात्र बेतानेच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती लिंबानेही झाकली जात नाही. वर दिलेलं प्रमाण 250 ग्रॅमसाठी पुरेसं आहे. शिजल्यावर छोले निथळा, अर्धी वाटी पाणी बाजूला ठेवा, पण तेही चाखूनच वापरा.

सालींचं काय? एकेक दाणा चिमटीत धरून सोलत बसणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्या चिकाटीला नमस्कार. त्याने हमस आणखी गुळगुळीत होतो हे खरं, पण सोडा घालून नीट शिजवलेल्या छोल्यांत हा फरक इतका कमी उरतो की मी त्यात वेळ घालवणार नाही. ज्या साली स्वतःहून वर आल्या त्या काढा, बाकीच्या राहू द्या.

डब्यातले शिजवलेले छोले वापरले तर पाप लागत नाही. फक्त ते थेट मिक्सरमध्ये घालू नका. निथळून, धुऊन, नव्या पाण्यात अर्धा छोटा चमचा सोडा घालून 20 मिनिटं उकळा. ते डब्यात टणक राहावेत असेच शिजवलेले असतात. ही 20 मिनिटं त्यांना लगद्याच्या टप्प्यावर आणतात.

आता ताहिनी. माझ्या मते घरच्या हमसमधला सगळ्यात मोठा दोष तिचाच, आणि तोही दोन बाजूंनी: ती कमी पडते आणि ती वाईट असते. लेव्हंटमध्ये, म्हणजे लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन, इस्रायल या पट्ट्यात, या पदार्थाचं पूर्ण नाव हुम्मुस बि-तहिना आहे, आणि तिथल्या ताटलीत तीळ छोल्यांच्या बरोबरीने बोलतात. 250 ग्रॅम कोरड्या छोल्यांना (शिजून साधारण 550 ते 600 ग्रॅम होतात) मी 200 ग्रॅम ताहिनी घेतो. तुमचे 2 मोठे चमचे म्हणजे जेमतेम 30-35 ग्रॅम. त्यात होतं ते छोल्यांचं वाटण, ज्याला तिळाचा वास आला आहे.

पण एवढी ताहिनी घालायची तर ती चांगलीच हवी. बरणी उघडून चमचाभर तशीच खाऊन बघा. टाळूला चिकटेल, थोडी तुरट लागेल, पण घशात कडू लागता कामा नये. कडू लागली तर कारण तिघांपैकी एक: तीळ सालासकट दळलेले आहेत, जास्त भाजलेले आहेत, किंवा तेल खवट झालं आहे. चांगली ताहिनी सोललेल्या, हलक्या भाजलेल्या तिळाची असते, रंगाने फिकट आणि चमच्यावरून धारेने ओघळणारी. या धंद्यातले लोक इथिओपियाच्या हुमेरा भागातल्या तिळाचं नाव आदराने घेतात, आणि नाब्लुसची ताहिनी त्या भागात प्रसिद्ध आहे. लेबलवर फक्त तीळ असावेत, फार तर मीठ. आणि वापरण्याआधी बरणी तळापासून ढवळा, कारण तेल वर येतं आणि तळाशी घट्ट थर बसतो. वरवरचं तेल वापरून संपवलं की उरते ती कोरडी, कडसर खळ.

घरी ताहिनी करायची असेल तर पांढरे सोललेले तीळ मंद आचेवर फक्त वास सुटेपर्यंत परता, रंग बदलायच्या आत उतरवा, कोमट असतानाच दळा, आणि गरज पडली तर चव नसलेलं थोडं तेल घाला. जात्यावरच्या ताहिनीइतकी बारीक ती घरच्या मिक्सरमध्ये होत नाही. हमसला चालून जाते, पण गुळगुळीतपणाचा हट्ट असेल तर विकतची चांगली बरणी घ्या.

तुम्ही सगळं एकदम फिरवता. तसं न करता ताहिनीचा सॉस आधी वेगळा करा. लसणाच्या 3 पाकळ्या, साधारण 60 मिलिलिटर लिंबाचा रस आणि 1 छोटा चमचा मीठ एकत्र फिरवा आणि 10 मिनिटं तसंच ठेवा. लसणाचा उग्रपणा तो ठेचल्यावर तयार होतो: पेशी फुटतात, त्यातलं एक विकर मोकळं होतं आणि त्यातून ॲलिसिन बनतं. लिंबाच्या आम्लात हे विकर काम करेनासं होतं. म्हणून लसूण लिंबाच्या रसातच फुटला पाहिजे. आधी ठेचून मग लिंबू पिळलं तर उशीर झालेला असतो. हा रस गाळून घ्या, चोथा दाबून टाकून द्या. लसणाची चव राहते, दुसऱ्या दिवशी डोकं वर काढणारा तो झणका जातो.

या रसात ताहिनी घाला आणि फेटा. आता ती अचानक घट्ट, गुठळ्यांची, फाटल्यासारखी होईल. घाबरून तेल ओतू नका. ताहिनी म्हणजे तेलात तरंगणारे तिळाचे बारीक कण. थोडं पाणी मिळालं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी मिळालं की सुटतात आणि तेल पाण्यात मिसळून दाट, एकसंध मिश्रण होतं. तेव्हा बर्फाचं थंड पाणी, एका वेळी एकेक मोठा चमचा, घालत राहा. 100 मिलिलिटरच्या आसपास ते जवळजवळ पांढरं, हलकं, चमकदार होईल. हा सॉस नुसता खाल्ला तरी छान लागला पाहिजे. तो आवडला नाही तर हमस आवडणार नाही, तेव्हा मीठ-लिंबू इथेच चाखून घ्या. तिथल्या काही मोठ्या स्वयंपाकघरांत ताज्या लिंबाऐवजी लिंबूसत्त्व वापरतात. आंबटपणा रोज सारखा येतो हे खरं, घरी मात्र ताजं लिंबूच.

छोले गरम असतानाच दळा. गार झाले की त्यातला स्टार्च पुन्हा आखडतो आणि वाटण कणीदार होतं. तुमच्या कृतीतली गार करण्याची पायरी म्हणूनच काढून टाका. गरम म्हणजे वाफाळते नव्हेत: बंद मिक्सरच्या भांड्यात कढत छोले फिरवले तर वाफेने झाकण उडतं आणि लगदा हातावर येतो. 5-7 मिनिटं थांबा, हाताला सोसवेल इतकं होऊ द्या. आधी नुसते छोले फिरवा, पाणी न घालता, कडा 2-3 वेळा खरवडून, दाट लगदा होईपर्यंत. पाणी आधी घातलं तर दाणे पात्यांतून निसटत फिरत राहतात. मग ताहिनीचा सॉस घाला आणि 3-4 मिनिटं फिरू द्या. हे लोकांना फार वाटतं, पण थांबायचं नाही. मोटर तापू लागली तर यंत्राला विसावा द्या आणि पुन्हा सुरू करा. भांडं लहान असेल तर दोन घाण्यांत करा. मिक्सरच घ्यायचा झाला तर वॉटपेक्षा भांड्याचा आकार बघा: अरुंद तळाचं भांडं असलं की दाट वाटण पात्यांकडे परत येतं, रुंद भांड्यात ते कडेला चिकटून बसतं.

तुम्ही पाव कप ऑलिव्ह तेल आत फिरवता. माझा अंदाज, तुमचा कडवटपणा निम्मा ताहिनीचा आणि निम्मा याचा. एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात कडू-तिखट पॉलिफेनॉलं असतात, आणि वेगवान पात्यांखाली तेलाचे फार बारीक थेंब झाले की ती जिभेला जास्त जाणवतात. लेव्हंटमध्ये तेल वरून घालतात, सढळ हाताने. मऊपणा ताहिनी देते. जे विकतच्या डब्यांत तेल आत घालतात, ते बहुधा ताहिनीचा खर्च वाचवत असतात.

जिऱ्याबाबत मतं वेगळी. लेबनॉनमध्ये बरेच जण घालत नाहीत, पॅलेस्टिनी आणि इस्रायली हातांना चिमूटभर चालतं. मी चिमूटच घालतो, तीही ताजी भाजून कुटलेली. जिऱ्याचा वास आधी आणि तिळाचा नंतर आला तर जास्त झालं समजा.

आता दुसऱ्या दिवसाचा गोळा. कोमट हमस यंत्रातून काढताना तुम्हाला हवा त्यापेक्षा पातळ दिसला पाहिजे: चमच्यावरून जाड धारेने पडावा, पडल्यावर त्याचा आकार क्षणभर टिकावा आणि मग विरावा. गार होताना स्टार्च घट्ट होतो आणि तो आपोआप बसतो. तुम्ही पहिल्याच दिवशी खाण्याजोगा दाट करता, म्हणून फ्रीजमध्ये त्याची वीट होते. झालाच घट्ट, तर 2 चमचे गरम पाणी आणि थोडं लिंबू घालून जोरात फेटा, बराचसा पूर्वपदावर येतो. फ्रीजमधून काढल्या काढल्या वाढू नका. थंड हमसला चव नसते, त्याचं मीठही लागत नाही.

वाढायचा तो उथळ ताटलीत. चमच्याच्या पाठीने गोल फिरवत मधे खळगा आणि कडेला बांध करा. खळग्यात काही अख्खे छोले, ऑलिव्ह तेल, पार्स्ली, वाटल्यास लाल पॅप्रिका किंवा सुमाक (एका आंबट फळाची पूड). पॅलेस्टाईनमध्ये बरोबर तत्बीला देतात: लिंबाचा रस, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची. मी म्हणेन बाकी सजावट सोडा पण हे करा, त्या तिखट-आंबट धारेने अख्खी ताटली जागी होते. सोबत गरम पिटा, कच्च्या कांद्याच्या पाकळ्या, लोणचवलेली काकडी. वर शिजवलेले फूल, म्हणजे बाकल्याच्या बिया, घातल्या की पोटभर न्याहारी. मांसाचे परतलेले बारीक तुकडे आणि तुपात लाल केलेल्या चिलगोज्यासारख्या पाइन बिया घातल्या की जेवण. तिथे हमस ही तोंडीलावण्याची वाटी नसते, सकाळचं खरंखुरं खाणं असतं, आणि अनेक दुकानं दुपारी पातेलं रिकामं झालं की दार लावून घेतात.

हा पदार्थ कोणाचा यावर तिथे हातघाई चालते. जानेवारी 2010 मध्ये इस्रायलमधल्या अबू घोष गावात 4 टनांहून जास्त हमसची एक ताटली भरून विक्रम झाला. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनने 10,452 किलो करून तो मोडला. हा आकडा मुद्दाम निवडलेला होता, लेबनॉनचं क्षेत्रफळ तितकेच चौरस किलोमीटर धरतात. कैरोमधल्या 13व्या शतकातल्या पाककृतींत छोल्यांचं थंड वाटण सापडतं, पण त्यात व्हिनेगर आणि खारवलेलं लिंबू आहे, ताहिनी आणि लसूण नाही. तेव्हा हक्क सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. बीट, अव्होकाडो किंवा चॉकलेट घातलेल्या गोष्टी मात्र खुशाल खा, फक्त तुमच्या तक्रारींची उत्तरं त्यांत शोधू नका.

एवढं करूनही यंत्राने दगा दिला, तर मसब्बहा करा. तोच ताहिनीचा सॉस थोडा पातळ करा, त्यात तेच लगद्याच्या टप्प्यावरचे गरम छोले घाला, काट्याने निम्मे चेपा, निम्मे अख्खे ठेवा, वर तत्बीला आणि तेल. गुळगुळीतपणाचा प्रश्नच उरत नाही. खरं सांगायचं तर घरी एकट्यासाठी मी हेच करतो.

टिकण्याचं म्हणाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, 3 ते 4 दिवस. उन्हाळ्यात ताटली 2 तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, आणि उरलेला हमस पुन्हा मूळ डब्यात मिसळू नका. पाहुणे असतील तर तिळाची ॲलर्जी कोणाला आहे का हे आधी विचारा. ती जिवावर बेतू शकते, आणि अमेरिकेत 2023 पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला तो त्यामुळेच. साठवण करायची तर तयार हमस गोठवण्यापेक्षा लगद्यासारखे शिजवलेले छोले 300-300 ग्रॅमच्या पिशव्यांत गोठवा. लागतील तेव्हा थोड्या पाण्यात उकळी आणून, गरम असतानाच, ताज्या ताहिनीच्या सॉसबरोबर फिरवा. 300 ग्रॅमला साधारण 100 ग्रॅम ताहिनी लागेल.